मुलांना घेऊन गुलमर्गला स्कीइंग: बॅग कशी भरायची

जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं ठरलं की घरात सगळ्यांत आधी स्वेटर शोधले जातात. वरच्या फळीवरचे, डांबरगोळ्यांचा वास येणारे दोन-तीन स्वेटर, खाली जीन्स, पायात मोज्यांवर मोजे आणि सगळ्यावर एक जाड जॅकेट. महाबळेश्वरला एवढं पुरतं. दिवसभर बर्फात पडणाऱ्या आणि उठणाऱ्या मुलाला मात्र ते पुरत नाही, कारण मुलं तिथे गारठतात ती मुख्यतः ओलीमुळे. घामाने कपडे आतून भिजतात, बर्फाने बाहेरून, आणि एकदा भिजलं की अंगावर कितीही कपडे असोत, हुडहुडी थांबत नाही. म्हणून कपडे किती नेले यापेक्षा मूल किती वेळ कोरडं राहील, हा विचार करून बॅग भरा.

पहिल्यांदाच स्कीइंगला निघालेल्या आणि साधारण पाच ते बारा वर्षांची मुलं बरोबर असलेल्या घरांसाठी हे लिहितो आहे.

आधी जागा समजून घ्या

गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे. श्रीनगरहून अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, त्यातला टंगमर्गपासूनचा शेवटचा तेरा किलोमीटरचा टप्पा घाटाचा. बर्फ पडलेला असला की या टप्प्यावर चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच चालते, आणि बऱ्याचदा टंगमर्गला गाडी बदलावी लागते. म्हणजे सामान बर्फात, उघड्यावर, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणार. मोठ्या दोन सुटकेसपेक्षा मध्यम आकाराच्या, एका हाताने उचलता येणाऱ्या बॅगा बऱ्या, आणि त्यावर टाकायला प्लास्टिकचं कव्हर.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. हिवाळ्यातला सगळ्यात कडक काळ तो. गुलमर्गला रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत सहज उतरतो. दिवसा ऊन पडलं की शून्याच्या आसपास येतो, आणि उन्हात खेळणारं मूल चक्क घामाघूम होतं. नाताळच्या सुट्टीत शिकण्याइतका बर्फ असेलच याची खात्री नसते. जानेवारी २०२४ मध्ये तर महिनाभर गुलमर्ग जवळपास कोरडं होतं आणि बर्फ महिनाअखेरीस आला. शाळेचं जमत असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला मुलांसाठी सर्वांत चांगला वाटतो. बर्फ भरपूर असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो.

गंडोल्याचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३१०० मीटर. दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३९५० मीटर. पण नवशिकी मुलं शिकतात ती खाली, गुलमर्गच्या पठारावरच्या सौम्य उतारांवर. वरचे उतार तयार स्कीपटूंचे आहेत आणि तिथे हिमस्खलनाचा खरा धोका असतो. बीकन, फावडं, प्रोब असली, हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायची उपकरणं कुठे वाचलीत तर ती तुमच्या यादीत घेऊ नका. ज्या उतारांना ती लागतात, तिथे तुमचं या वर्षी काम नाही.

तीन आठवडे आधी: मापांचा कागद

प्रत्येक मुलाचा एक छोटा कागद करा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. त्यावर उंची, वजन, डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. पाऊल मोजताना मुलाला टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. स्कीच्या बुटांचा नंबर म्हणजे हीच लांबी असते. २१ सेंटिमीटरचं पाऊल असेल तर २१ नंबर मागायचा. आपला नेहमीचा बुटांचा नंबर सांगितलात तर दुकानात अंदाजपंचे काम होतं.

वजन खरं लिहा. स्कीवर बूट ज्या कुलपात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. मूल पडलं की ते सुटलं पाहिजे, नाहीतर पाय मुरगळतो. ते किती जोराला सुटेल हे वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि शिकणाऱ्याची तयारी यावरून लावतात. दुकानदाराने न विचारता स्की हातात दिली तर थांबा आणि मुलाच्या वजनाप्रमाणे बाइंडिंग लावून घ्या.

काय भाड्याने, काय घरून

स्की, बूट आणि काठ्या गुलमर्गला भाड्याने मिळतात. विमानातून न्यायचा विचारही करू नका. अगदी सुरुवातीला मुलांना काठ्या लागतही नाहीत, प्रशिक्षक स्वतःच त्या बाजूला ठेवायला सांगतात. नवशिक्या मुलाची स्की उभी धरली तर छाती ते हनुवटी एवढी असावी. त्याहून लांब दिली तर बदलून मागा.

बूट घालून बघायला वेळ द्या. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवले की ती थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलत असेल तर बूट मोठा आहे. "जरा मोठाच घेऊ, आत जाड मोजा घालू" हा शाळेच्या बुटांचा हिशेब इथे चालत नाही. सैल बुटात स्की वळत नाही आणि नडगी सोलवटते.

हेल्मेट आणि गॉगल मात्र मी घरून न्यायला सांगेन. लहान डोक्याची हेल्मेटं भाड्याच्या दुकानांत कमी असतात आणि असतात ती बऱ्याचदा वापरून वापरून सैल झालेली. सायकलचं हेल्मेट चालत नाही. कान झाकणारं, स्कीइंगसाठीचं हवं. मुंबई-पुण्यात डेकॅथलॉनसारख्या दुकानांत बर्फाचे कपडे आणि हे सामान मिळतं, पण मुलांची मापं लवकर संपतात. हेल्मेट आणि गॉगल एकत्र घालून बघा: दोघांच्या मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहता कामा नये, तिथेच वारा लागून डोकं दुखायला लागतं. मुलाला चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा.

टंगमर्गला गाडी थांबताच गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारे येतात. गमबूट रबरी असतात, पाणी आत येऊ देत नाहीत, पण आत ऊब नसते. मुलांसाठी घरूनच आतून अस्तर असलेले, पाणी न शिरणारे बर्फाचे बूट नेलेत तर हॉटेल ते उतार ही चाल सुखाची होते. कोटाची गरज पडत नाही.

अंगावरचे थर

तीनच थर, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

अंगाला चिकटून थर्मल: लोकरीचं किंवा सिंथेटिक, सुती नको. सुती बनियन घाम पिऊन ओलं राहतं आणि तो गारवा पाठीला चिकटून बसतो. म्हणून थर्मलच्या आत "आणखी एक बनियन असू दे" असं करू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. प्रत्येक मुलाला थर्मलचे दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत.

मधला थर फ्लीसचा, म्हणजे मऊ, हलक्या, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचा. घरचा लोकरीचा स्वेटर चालतो, पण तो जाड असला की हात वर होत नाहीत आणि भिजला की दोन दिवस वाळत नाही. फ्लीस रात्रभरात वाळतं.

बाहेरचा थर पाणी आत न येऊ देणारा: जॅकेट आणि पँट दोन्ही. पैसे कमी असतील तर जॅकेटपेक्षा पँटवर खर्च करा. मुलं उभी असतात त्यापेक्षा बसलेली जास्त असतात. जीन्स एकदा बर्फात टेकली की तिथेच दिवस संपतो. लहान मुलांना खांद्याच्या पट्ट्यांची, डांगरीसारखी पँट चांगली. पडलं तरी कमरेतून बर्फ आत जात नाही. मात्र "शू लागली" म्हटल्यावर ती किती वेळात उतरते हे घरी करून बघा. बाजूला लांब चेन असलेली घ्या.

निघण्याआधी एका संध्याकाळी मुलांना सगळं घालून घरात फिरवा. पुण्याच्या हवेत पाच मिनिटांत ती वैतागतील, पण कुठे बोचतं, कोणती चेन अडकते, हेल्मेटखाली वेणी मावते का, हे तिथेच कळतं.

हात: इथे कंजुषी नको

मुलाचा स्कीचा दिवस कधी संपतो हे बघायचं असेल तर त्याचे हातमोजे बघा. पाय दमायच्या आधी बोटं गारठतात. सकाळी दहाला उतारावर गेलेलं मूल पहिल्या अर्ध्या तासात दहा वेळा पडतं, आणि दर वेळी उठायला दोन्ही पंजे बर्फात रोवतं. मधे एकदा हातमोजा काढून नाक पुसतं, तो बर्फावर ठेवतं, आत चमचाभर बर्फ जातो, आणि ते तसाच हात घालतं. अकराच्या सुमाराला आतलं अस्तर ओलं, बोटं लाल आणि डोळ्यांत पाणी. त्या वेळी तुमच्या खिशात कोरडा जोड असेल तर दिवस दुपारपर्यंत चालतो, नसेल तर सगळ्यांनाच खोलीवर परतावं लागतं.

म्हणून प्रत्येक मुलाला दोन जोड, आणि दोन्ही पाणी आत न येऊ देणारे. विणलेले लोकरीचे हातमोजे हॉटेलात घाला, उतारावर ते स्पंजचं काम करतात. आठ-नऊ वर्षांपर्यंत मिटन घ्या: अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र. बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि लहान मुलाला पाच बोटांचा मोजा चढवताना जी खटपट होते तीही वाचते. मनगटाला अडकवायची दोरी असेल तर उत्तम, नसेल तर जाड इलॅस्टिकने घरी शिवून घ्या. मनगटाशी लांब असलेला हातमोजा जॅकेटच्या बाहीवरून ओढून घ्यायचा, म्हणजे फटीतून बर्फ शिरत नाही. दुसरा जोड बॅगेत नको, मोठ्यांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात हवा. तिथे तो गरम राहतो.

मूल गप्प झालं की हात बघा. बोटाचं टोक, नाकाचा शेंडा किंवा गाल पांढरट पडला आणि "काही लागत नाही" असं ते म्हणालं, तर लगेच आत न्या आणि ती जागा आपल्या काखेत किंवा तळहातात धरून ऊब द्या. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही, आणि बुखारीवर, म्हणजे खोलीतल्या लाकूड-कोळशाच्या शेगडीवर, शेकायचंही नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. थोड्या वेळात रंग आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरकडे.

पाय

स्कीच्या बुटात एकच मोजा. लोकर किंवा लोकरमिश्रित, गुडघ्यापर्यंत लांब, फार जाड नाही. दोन मोजे घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो; शिवाय दोन मोज्यांमधल्या सुरकुतीने फोड येतो. थर्मलची टोकं बुटात जाऊ देऊ नका, ती बुटाच्या वर दुमडा. बुटाच्या आत मोज्याशिवाय काही नको. प्रत्येकी तीन जोड न्या आणि रोज कोरडा जोड घाला. चालत उतारावर जाताना घातलेला मोजा घामाने ओलसर झाला असेल तर स्कीचा बूट चढवण्याआधी तो बदला. एवढ्याने पाय तासभर जास्त उबदार राहतात.

डोकं, चेहरा, डोळे

हेल्मेटच्या खाली लोकरीची गोंड्याची टोपी बसत नाही. पातळ, अंगाला घट्ट बसणारी माकडटोपी घ्या. मफलर घरी ठेवा. सुटा मफलर शिकणाऱ्यांना उतारावर ओढून वर नेणाऱ्या दोरीत किंवा स्कीत अडकू शकतो. गळ्यात घालायची पट्टी, जिला बफ म्हणतात, ती प्रत्येकी दोन. श्वासाने ती ओली होते आणि दुपारी बदलावी लागते.

ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीवर ते मुळातच जास्त असतात. ढगाळ दिवशीही गॉगल काढू देऊ नका. डोळे जळजळून लाल होणं, रात्री उजेड सहन न होणं, हा त्रास मुलांना लवकर होतो. सनस्क्रीन एसपीएफ ५० चं, आणि ते लावताना हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या खाली, कानांच्या मागेही लावा, कारण इथे ऊन खालून येतं. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम. रात्री झोपताना व्हॅसलीन किंवा घरचं तूप.

खिशातला खाऊ

गुलमर्गला राजमा-भात, रोटी, अंडी, मॅगी मिळते. मुलं उपाशी राहत नाहीत. प्रश्न असतो तो उतारावरच्या मधल्या भुकेचा. थंडीत भूक लवकर लागते आणि हातमोजे घालून वेष्टनं फोडता येत नाहीत. शेंगदाण्याचे किंवा राजगिऱ्याचे लाडू, बिया काढलेला खजूर, चौकोनी तुकडे केलेल्या दशम्या असं एका घासात जाणारं काहीतरी छोट्या पिशव्यांत भरून आतल्या खिशात ठेवा. थंडीत चिक्की आणखी कडक होते, लहान दातांना ती नको.

थर्मास स्टीलचा, चांगला. कोरड्या थंड हवेत पाणी भरपूर लागतं पण तहान जाणवत नाही. कोमट पाणी दर तासाला दोन घोट. संध्याकाळसाठी मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली न्या; दमलेलं मूल हॉटेलच्या जेवणाकडे बघत नाही, पण मऊ भात-मेतकूट खातं.

औषधं

निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना उंची आणि थंडी दोन्ही सांगा. पॅरासिटामॉलचा वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या. थर्मामीटर, ओआरएस, कोरड्या हवेने घोळणा फुटतो म्हणून सलाइनचे नाकाचे थेंब, क्रेप बँडेज, फोडांसाठी पट्ट्या. मुलांना गाडी लागत असेल तर घाटाचं औषध हातातल्या पिशवीत. दमा असेल तर इन्हेलर बॅगेत नको, मोठ्यांच्या अंगालगतच्या खिशात हवा. थंड हवेने धाप लागू शकते. बर्फाने विमानं रद्द होतात, तेव्हा रोजची औषधं आणि धाकट्यांचे डायपर तीन दिवसांचे जास्त.

पहिला दिवस मोकळा ठेवा. इतक्या उंचीवर थोडं डोकं दुखणं, भूक मंदावणं होऊ शकतं. उलट्या होत असतील, मूल सुस्तावलं असेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

खोली

खोलीत विजेची चादर, हीटर किंवा लाकूड-कोळशाची बुखारी असते. वीज जाते, म्हणून टॉर्च आणि गरम पाण्याची रबरी पिशवी न्या. बुखारी किंवा कांगडी (वेताच्या टोपलीतलं निखाऱ्यांचं छोटं मडकं) पेटलेली असेल तर खिडकीची फट उघडी ठेवाच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. झोपण्याआधी ती विझवून घ्या, आणि मुलांच्या पांघरुणात कांगडी देऊ नका.

कपडे वाळवायला पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि चिमटे फार कामाला येतात. हातमोजे बुखारीपासून हातभर लांब टांगा, बोटांची टोकं वर. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि ते ओले झाले की बदला. दोन-चार जुनी वर्तमानपत्रं घरूनच बुटांत भरून न्या.

कागद, फोन

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातला एक तरी फोन पोस्टपेड करून घ्या. हॉटेल, गाडीवाला, प्रशिक्षक यांचे नंबर कागदावरही लिहा. थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते. मुलांसकट सगळ्यांचे मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स. गंडोल्याची तिकिटं ऑनलाइन काढावी लागतात आणि हंगामात ती लवकर संपतात, तेव्हा ती निघण्याआधीच काढा.

भरायचा क्रम

बहुतेक देशांतर्गत विमानांत माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. बर्फाचे बूट आणि जॅकेट पायात-अंगावर घालून विमानतळावर गेलात तर वजन वाचतं. हातातल्या बॅगेत प्रत्येक मुलाचा एक थर्मल, एक जोड हातमोजे, मोजे, माकडटोपी आणि औषधं ठेवा. सामान मागे राहिलं तरी श्रीनगरला उतरताच थंडी असते. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवावी लागते. हेल्मेट रिकामं भरू नका, त्यात मोजे कोंबा. चेक-इनच्या बॅगेत माणसांप्रमाणे कप्पे करण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या उताराच्या कपड्यांची एक कापडी पिशवी करा, नाव लिहून. सकाळी ती पिशवी पलंगावर ओतली की सगळं समोर येतं.

त्या सकाळी कपडे चढवायचा क्रमही ठरलेला असू द्या: आधी शू, मग थर्मल, मोजे, फ्लीस, पँट, सनस्क्रीन, माकडटोपी, बफ, जॅकेट, हेल्मेट, गॉगल आणि अगदी शेवटी, दाराशी, हातमोजे. मोठ्यांनी स्वतःची तयारी आधी करायची. मुलांना आधी तयार केलं तर ती खोलीतच घामेजतात, आणि बाहेर पडताना आतला थर ओला झालेला असतो.

परतीसाठी दोन मोठ्या, जाड प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेच्या तळाशी ठेवून द्या. शेवटच्या दिवशीचे ओले कपडे त्यात जातात. श्रीनगर विमानतळावर आत शिरण्याआधीच रस्त्यावर गाडी थांबवून सगळं सामान उतरवून तपासतात, आणि पुढे पुन्हा तपासण्या असतात. उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचा, आणि मुलांचा खाऊ व पाण्याची रिकामी बाटली वरच्या कप्प्यात ठेवा.